मी बसेन तिथं विहीर

बसूनच बोलतो, राग मानू नका. उभं राहून बोललो असतो, पण मी उभा राहीपर्यंत तुमचं जेवण होऊन, हात धुऊन, सुपारीसुद्धा कातरून होईल. मी एक कुत्रा आहे. नाव फौजदार.

नाव सहादेवानं ठेवलं. सहादेव म्हणजे माझा धनी. तिसगावच्या अलीकडं माळावर त्याची वस्ती. जमीन बरी, विहीर बांधीव, आणि स्वभाव असा की दोन माणसं बोलत उभी दिसली की तिसरं बोलायला हा तिथं पोचलाच. खराखुरा फौजदार वस्तीकडं फिरकला की घरची माणसं मला 'पाव्हनं' म्हणून हाक मारीत. तो गेला की मी परत फौजदार. इतक्या पटापट बदल्या सरकारी खात्यातही होत नसतील.

माझा जन्म कडब्याच्या गंजीमागं झाला. मला त्यातलं काही आठवत नाही, पण सहादेवाला सगळं आठवतं. तो गाय व्यायची वाट बघत बसला होता. गाय राहिली बाजूला आणि माझी आई व्याली. आधी माझे मागचे पाय आले, मग शेपूट, मग उरलेला मी. सहादेवानं हे डोळ्यांनी बघितलं आणि सकाळी गावभर केलं, कुत्रं पायाळू हाय.

पायाकडून जन्मलेल्याला आमच्याकडं पायाळू म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं कळतं म्हणे, पाणी कुठं आहे, पुरलेला हंडा कुठं आहे. त्याचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण निघते. हे सगळं आजवर माणसांपुरतं होतं. सहादेवानं ते कुत्र्याला लावलं आणि माझं पुढचं आयुष्य ठरून गेलं. मला कुणी विचारलं नाही. तेव्हा माझे डोळेही उघडले नव्हते.

मी जरा मोठा झालो तसे लोक उसण घेऊन वस्तीवर यायला लागले. त्यांनी ओट्यावर पालथं पडायचं, सहादेवानं माझा मागचा पाय धरायचा आणि त्यांच्या कमरेला टेकवायचा. मी आपला दुसरीकडं बघत उभा. माणूस उठायचा, कंबर हलवायचा आणि म्हणायचा, मोकळं झालं. माझ्या मते इतका वेळ गप पडून राहिल्यामुळंच मोकळं होत असावं. पण सहादेव मिशीवरून हात फिरवायचा, आणि मला भाकरीचा तुकडा मिळायचा, म्हणून मीही फार खोलात गेलो नाही.

तरुणपणी मी पळालो फार. बाजाराच्या दिवशी गाडीच्या सावलीत, दोन चाकांच्या मधून, तिसगावपर्यंत जायचो आणि तसाच परत यायचो. सशामागं बांधावरून उड्या मारल्या. एकदा धावत्या गाडीतून उडी मारली, कारण काही नव्हतं, मागनं दुसरं एक कुत्रं बघत होतं. त्या सगळ्या उड्या तेव्हा फुकट वाटायच्या. कुठंतरी मांडून ठेवलेल्या होत्या हे नंतर कळलं.

मग एका थंडीत सकाळी उठायला गेलो, तर पुढचा अर्धा उठला आणि मागचा अर्धा उठलाच नाही. मी मागं वळून बघितलं. पाय माझेच होते.

कसाबसा उठलो, पण सांध्यांत कुणी वाळू भरावी तसं झालं होतं. थोडं चाललं, ऊब आली, की बरं वाटायचं. मग मी दारापर्यंत लंगडत आणि विहिरीपाशी बऱ्यापैकी चालत दिसायचो. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की दुखत काही नाही, सोंग आहे. सहादेव म्हणाला, भाकरी जास्त झाली. शेजारचा छगन म्हणाला, डाग द्या, तापल्या विळ्याचे दोन चटके मांडीला दिले की बैल उठतो, हे काय. त्यानं विळा चुलीत घालूनसुद्धा ठेवला. तो आक्काबाईनं उचलला आणि छगनला विचारलं, तुला कुठं दुखतं ते आधी सांग. छगनला अचानक कामाची आठवण झाली.

आक्काबाई ही सहादेवाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिली ती राहिलीच, आणि आता घरात तिचा शब्द शेवटचा, कारण ती मधे बोलूच देत नाही. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. सकाळी ती भिंतीला धरून उठायची तेव्हा तिच्या तोंडून जे निघायचं ते मला जसंच्या तसं कळायचं. माझ्या तोंडून तेच निघायचं, फक्त आमची भाषा वेगळी.

तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं, माझ्या ढुंगणाजवळचं हाड बोटानं दाबलं, मी दात दाखवले, आणि तिला सगळं समजलं. त्या दिवसापासून घरात सगळं दोन-दोन व्हायला लागलं. निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला की अर्धा तिच्या गुडघ्याला आणि अर्धा माझ्या मांडीला. वीट चुलीत तापवून फडक्यात गुंडाळली की एक तिची, एक माझी. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी यायची, तिची रिकामी पोती तिनं माझ्याखाली घातली. सहादेव म्हणाला, पोत्याला गिऱ्हाईक हुतं. ती म्हणाली, ह्यो गिऱ्हाईकच हाय.

माणसाचा गुडघा दुखला की माणूस आल्यागेल्याला सांगतो, पाव्हण्याला चहा मिळायच्या आधी गुडघ्याची हकिगत मिळते. आम्हाला ती सोय नाही. कुत्रं फार तर जिथं दुखतं तिथं चाटतं. मांजर तेवढंही करत नाही. मांजर काहीच बोलत नाही, एकेक गोष्ट सोडून देतं.

आमच्या घरची माणकी तशीच. जन्मभर तिनं शिंक्यातलं दूध चोरलं. कणगीवर उडी, कणगीवरून फळीवर, फळीवरून शिंक्यात. मग एके दिवशी तिनं उड्या सोडल्या. खाली बसून शिंक्याकडं बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. अंग चाटायचंही कमी केलं, पाठीवर केसांचे गुंते झाले. मला कळलं होतं, तिच्या कोपरात आणि मांडीत तेच आहे जे माझ्यात आहे. पण सहादेवानं बाहेर जाऊन सांगितलं की मांजरानं चोरी सोडली, डोळे मिटून बसतं, जटा राखल्यात. दुसऱ्या दिवशी लोक माणकीला बघायला आले. कुणीतरी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. बायका तिच्यापुढं खडीसाखर ठेवायच्या. मांजर खडीसाखर खात नाही, त्यामुळं तिचं वैराग्य आणखीच पक्कं झालं.

त्या साली, म्हणजे बहात्तरला, पाऊस गेला तो गेलाच. दिवाळीच्या सुमाराला सहादेवानं बैलं गुरांच्या छावणीत न्यायची ठरवली. आक्काबाईनं मला उचलून गाडीत घातलं आणि स्वतः शेजारी बसली. सहादेवानं विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, तिथं सरकारनं डाक्टर बसवलाय म्हणं, बसलाय तर हात लावू दे.

छावणीत रांग लागली होती. हाडं निघालेली गुरं, आणि त्यांच्याहून जास्त हाडं निघालेली माणसं. आमचा नंबर आला तसे मागचे लोक हसले. एकजण म्हणाला, इथं बैल मरायल्यात आणि म्हातारीनं कुत्र्याचं गुडघं आणल्यात.

"बैलाला रांगंत माणसं हायती," आक्काबाई म्हणाली, "ह्याला मी हाय."

रविकांत डॉक्टर तरुण होता, नगरचा, चष्म्यावर धूळ बसलेली. त्यानं माझा पाय हळूच मागं ओढला, पुढं घेतला, आणि मी ओरडलो तिथं लगेच थांबला. माझा पाय धरून थांबलेला तो पहिलाच माणूस. तो म्हणाला, सांधे झिजलेत, संधिवात आहे, जायचा नाही, पण सांभाळता येतो. कोरडं, मऊ अंथरूण. थंडीत शेक, सोसवेल एवढाच. रोज थोडं चालवायचं, दमेपर्यंत नाही. चढ नाही, उडी नाही. अंगावर चरबी चढू द्यायची नाही. आणि माणसाच्या दुखण्याची गोळी अजिबात द्यायची नाही, कुत्र्याला नाही आणि मांजराला तर नाहीच, मांजर एका गोळीनं मरतं.

मग आक्काबाईनं माणकीचं सांगितलं. डॉक्टरनं विचारलं, उडी मारायची बंद झाली का, अंग चाटत नाही का. ती म्हणाली, लोक म्हनत्यात माळकरी झाली. डॉक्टर म्हणाला, तिचे सांधे दुखतात, चढायला पायरी करून द्या. घरी आल्यावर आक्काबाईनं कणगीपाशी पाट्या उपड्या घालून पायऱ्या केल्या. माणकी एकेक पायरी चढली, शिंक्यात तोंड घातलं, आणि माळ घातलेल्या गळ्यानं सगळं दूध पिऊन टाकलं. गावानं आक्काबाईला बोल लावला, चांगल्या मांजराचा नेम मोडला म्हणून.

डॉक्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. सहादेवानं मोठ्या अभिमानानं मी पायाळू असल्याचं कानावर घातलं तेव्हा तो म्हणाला, कुत्र्याची निम्मी पिल्लं पायाकडूनच जन्मतात, त्यात काही नाही. सहादेवाला ते आवडलं नाही. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. त्यानं न सांगितलेली ती एकच गोष्ट असेल.

आता मुख्य दुखण्याकडं येतो.

पौषापर्यंत सहादेवाची विहीर तळाला गेली. गावची आधीच गेली होती. बायका दुष्काळी खडीच्या कामावरून यायच्या आणि घागर घेऊन परत निघायच्या. सरपंच काकासाहेबांनी दूरवरून पाणाड्या आणला. त्यानं हातात नारळ धरून सगळा माळ पालथा घातला, नारळ दोनदा उभा राहिला, दोन्हीकडं खडक लागला. पाणाड्या नारळ फोडून खाऊन गेला.

त्याच आठवड्यात सहादेव मला घेऊन शेताकडं निघाला होता. डॉक्टरनं सांगितलेलं थोडं चालणं. खळ्याच्या कडेला मुरमाचा उंचवटा आहे, दिवसभर तापतो, खाली ओल कसली ती नाही. तिथं माझे मागचे पाय म्हणाले, पुरे. मी बसलो. समोरून काकासाहेब येत होते. ते थांबले. सहादेवानं मला ओढून बघितलं, मी उठलो नाही. काकासाहेबांनी टोपी काढली.

म्हणाले, "सहादेवा, हे पायाळूच हाय न्हवं?"

संध्याकाळच्या आत तिथं चुना टाकून गोल आखला. सकाळी कुदळी आल्या.

आता तुम्हीच सांगा, दुखऱ्या सांध्यांचं जनावर बसायला कशी जागा बघतं. कोरडी. उन्हानं तापलेली. जिच्या खाली पाण्याचा थेंब नाही अशी. ओली जमीन मला लांबूनच कळते, कंबरेत कुणी दाभण घातल्यासारखं होतं. म्हणजे मी जिथं बसेन तिथं पाणी नाही, ही माझ्या बसण्याची पहिली अट. आणि अख्खं गाव नेमकं तिथंच खणत होतं. मी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, बघा, आनंदानं भुंकतंय.

उंचवट्याखाली खडक लागला. मग मला पुढं नेलं, मी दुसरीकडं बसलो, तिथंही खडक लागला. तिसऱ्या ठिकाणी जुनं जातं निघालं, अर्धं फुटलेलं. त्यावरून काकासाहेब म्हणाले, खूण पटली, इथं माणसं राहत होती, म्हणजे पाणी असणार. मग हलगी आली. रोज सकाळी माझ्यापुढं हलगी वाजायची, कपाळाला गुलाल लागायचा आणि सगळा गाव माझ्या मागं. माझा जसा मान वाढला तसं चालणं वाढलं. लवकर बसलो की म्हणायचे, नीट हुडकत न्हाई. उशिरा बसलो की म्हणायचे, लांबचं पानी घावलं.

मधे छावणीतून येणाऱ्या कुणीतरी डॉक्टरचं ते बोलणं गावात आणलं, निम्मी पिल्लं पायाकडून जन्मतात. मला वाटलं, सुटलो. काकासाहेबांनी ते ऐकलं, विचार केला, आणि म्हणाले, म्हणजे गावातली निम्मी कुत्री पायाळू. दुपारी गावातली सगळी कुत्री दोऱ्या लावून पारापाशी आणली आणि एकदम सोडली, कुठं बसतात ते बघायला. सगळी एकाच ठिकाणी जाऊन बसली, काकासाहेबांच्या पडवीत. ऊन तापलं होतं आणि सावली तेवढीच होती. छगन कुदळ घेऊन पडवीत शिरला. काकासाहेबांनी त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि जाहीर केलं की शास्त्राप्रमाणं खरा पायाळू एकच, फौजदार.

माझी मागची नखं जमिनीला घासून रक्त यायला लागलं. संध्याकाळी मला उचलून आणायचे. आक्काबाई पाला बांधायची, वीट ठेवायची. सहादेवाशी ती भांडली होती, पण सहादेव वाईट माणूस नाही, एवढंच की आयुष्यात पहिल्यांदा सगळा गाव त्याच्या मागून चालत होता. आणि घरात घागर रिकामी होती, हेही खरं. तो माझ्याकडं न बघता दोरी सोडायचा.

एके दिवशी सहादेव छावणीला गेला होता म्हणून माझी दोरी आक्काबाईनं घेतली. ती काठी टेकत, मी लंगडत, आणि आमच्या चालीला कंटाळून गाव पुढं गेलेलं. खालच्या अंगाला एक ओघळ आहे, कोरडाच, वळणावर एक वाकडं करंजाचं झाड. तिथून जाताना माझ्या कंबरेत दाभण शिरलं आणि मी कुंईकुंई केलं. त्याच पावलाला आक्काबाई म्हणाली, आई गं. ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मग मागं वळली आणि मला घेऊन परत त्याच जागेवरून गेली. मी परत कुंईकुंई केलं, ती परत आई गं म्हणाली. मला वाटलं, हिलाही गावासारखंच पाण्याचं खूळ लागलं. पण तिनं इकडंतिकडं बघितलं, तोंड मिटून घेतलं आणि पुढं चालायला लागली.

ती कुणाला काही बोलली नाही. का बोलली नाही ते मला समजलं होतं. ती बोलली असती, तर दुसऱ्या दिवसापासून मला जिथं दुखतं तिथं तिथं नेलं असतं, आणि जितकं जास्त दुखेल तितका गुलाल.

मग काकासाहेबांच्या डोक्यात शेवटची युक्ती आली. कुत्रं घाईनं बसतं हीच चूक होतेय. त्याला डोंगराच्या उतारानं वरपर्यंत न्यायचं, वाटेत बसू द्यायचं नाही, आणि वर गेल्यावर सोडायचं. मग बसेल ते खरं. छगननं बैलाला टोचायची आर आणली, मी बसायला लागलो तर टोचायला.

सकाळी हलगी दारात वाजली. सहादेवानं माझ्या गळ्यात दोरी घातली. मी उठायचा प्रयत्न केला, पुढचा अर्धा उठला. मला माहीत होतं, मी चढ चढून वर गेलो तर खाली येणारा मी नसणार. मी सहादेवाकडं बघितलं. तो दोरीच्या गाठीकडं बघत होता, जणू ती गाठ दुसऱ्याच कुणी मारलीय.

आक्काबाई भिंतीला धरून आली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, "ह्यो जायाचा न्हाई."

"आक्का," सहादेव म्हणाला, "गाव तहानलंय."

"गाव तहानलंय ते दिसतंय मला. ह्याच्या मांडीत पानी न्हाई. ह्यो बसतो कारन ह्याचं सांदं दुकतात. तुला येवढं बी कळंना व्हय रं?"

काकासाहेब मागं उभे होते. त्यांनी चेष्टेनं विचारलं, दुखतात म्हणून कुणी बसलं आणि तिथं पाणी लागलं असं होत असेल, तर आक्कानंच बसावं की, गुडघे तिचेही दुखतात. लोक हसले. हलगीवाल्यानं एक थाप मारली.

लोकांचं हसणं थांबायची आक्काबाईनं वाट बघितली. मग म्हणाली, "मी बसते तिथं न्हाई लागायचं. मी जिथं वरडते तिथं लागंल. न्या मला."

काकासाहेबांनी चाचरत विचारलं, "आक्का, तुमी पायाळू?"

"माज्या आईला इचारा," आक्काबाई म्हणाली. तिची आई जाऊन मोप वर्षं झाली होती.

सहादेवानं तोंड उघडलं. घरातलं थोरलं मूल कसं जन्मलं हे त्याला कुठून ठाऊक असणार, पण बोलायची सवय. त्यानं बहिणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, व्हय, म्हातारी सांगायची तसं. आयुष्यभर तो खरं-खोटं मिसळून बोलत आला. तेवढं एक निव्वळ खोटं तो माझ्यासाठी बोलला. मग वाकून माझ्या गळ्यातली दोरी काढली.

आक्काबाईला गाडीत बसवलं, गुलाल लावला आणि हलगी निघाली. मी पोत्यावर पडून ऐकत राहिलो. हलगी खळ्यापर्यंत गेली, मग खालच्या अंगाला गेली. मग थांबली. मला आवाज आला नाही, पण ती तिथं काय म्हणाली असेल ते मला पाठ होतं.

करंजापाशी तीन पुरुष खोल गेल्यावर ओल लागली, मग गढूळ पाणी. फार नाही, पण गाळून घेतलं तर वस्तीच्या आणि गावच्या घागरी भरतील एवढं. लोकांनी आक्काबाईचे पाय धरले. गुडघेच धरले काहींनी, ती वैतागली. सहादेवानं ही हकिगत तिसगावच्या बाजारात सांगितली. सांगितल्यावाचून त्याला राहवलंच नसतं.

आता पंचक्रोशीतनं गाड्या येतात. रोज वेगळ्या गावची गाडी, बैलांच्या गळ्यात घुंगरू, आत गादी अंथरलेली. पण गादी गाडीत. शेतात आक्काबाईला खालीच उतरवतात, आणि ती आई गं म्हणेपर्यंत चालवतात. लवकर म्हणाली की म्हणतात, नीट हुडकत न्हाई. दोनदा पाणी लागलं, कितीदा तरी नाही. नाही लागलं की आणखी चालवतात. ती नाही म्हणू शकत नाही, कारण पुढं घागरी घेतलेल्या बाया उभ्या असतात, आणि मागं मी आहे. तिनं सोडलं तर दोरी परत माझ्या गळ्यात येणार, हे तिला माहीत आहे. मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. संध्याकाळी ती येते तेव्हा तिचे गुडघे भोपळ्यासारखे झालेले असतात. मी शेपूट आपटतो. त्यापलीकडं माझ्या हातात काही नाही, आणि हातही नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल आणि ते मधेच बसलं, तर बसू द्या. मांजर उड्या मारायचं थांबलं, तर त्याला साधू करू नका, पायरी करून द्या. ऊब द्या, मऊ द्या, थोडंसं चालवा, आणि दमलं की थांबा. बसलेल्या जनावराच्या खाली काही नसतं. जे असतं ते त्याच्या सांध्यात असतं, आणि ते खणून निघत नाही.

आज सकाळी मिरी गावची गाडी आली. आक्काबाईनं गाडीत चढताना दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा चढली. जाताना सहादेवाला सांगून गेली, दुपारी ह्याची कूस बदल, एका अंगावर ठेवू नगंस.

दुपारी सहादेव आला. पोत्याशेजारी जमिनीवर बसला, एक हात माझ्या मानेखाली, एक मांडीखाली घातला आणि अवघडत, पण हळू, मला ह्या कुशीवरून त्या कुशीवर केलं. नीट केलं. मग जायला उठला. अर्धा उठला आणि थांबला. हात गुडघ्यावर गेला, तोंड वाकडं झालं आणि तोंडातून निघालं, आई गं.

त्यानं झटकन दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ.

"फौजदार," तो हळूच म्हणाला, "बोलू नगं कुनाला."